देवाला 'तुम्ही' म्हणताना

पहाटे तीनचं दूध ही माझ्या रात्रपाळीतली सगळ्यात लाडकी वेळ. वॉर्डात एकच दिवा असतो. सहा-सात आया भिंतीला टेकून बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या छातीवर चितेंजेने, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाने, ऊब मिळावी म्हणून घट्ट बांधलेलं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं एकेक बाळ आणि बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. आई हाताने दूध पिळून छोट्या कपात काढते, मी ते मोजते. बाळाच्या नाकातून पोटापर्यंत बारीक नळी गेलेली असते. तिला दट्ट्या काढलेली सिरिंज जोडायची आणि बाळाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच धरायची. ढकलायचं नाही. दूध स्वतःच्या वजनाने, स्वतःच्या चालीने उतरतं. बारा मिलिलिटर दुधाला कधी कधी दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ हात खाली घेता येत नाही आणि दुसरं काही करताही येत नाही. त्या दहा मिनिटांत मी प्रार्थना करते.

ती कुठल्या भाषेत करायची, हे ठरायला मला दोन वर्षं लागली.

मी नर्स आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेतल्या मलावीला आले, देड्झा जिल्ह्यातल्या एका मिशन रुग्णालयात. हा माझा इथला तिसरा पावसाळा. निघताना आमच्या चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, तेव्हा अनेकांच्या मनात चित्र होतं ते झाडाखाली उभं राहून सुवार्ता सांगणाऱ्या माणसाचं. माझ्याही मनात थोडंफार तेच होतं. प्रत्यक्षात माझा दिवस जातो वजनकाटा, थर्मामीटर, दुधाचे कप उकळणं, ऑक्सिजनच्या नळ्या धुणं आणि नोंदवहीत. पहिलं वर्षभर मी कुणालाही काही शिकवलेलं नाही. आता मला वाटतं, लांब मुदतीसाठी येणाऱ्या प्रत्येकाने पहिलं वर्ष असंच घालवावं. बोलता येत नसताना माणूस निदान बघायला तरी शिकतो.

इथली भाषा चिचेवा. पहिल्या दिवशी मला जिकडेतिकडे 'मुली' ऐकू येत होतं. "मुली ब्वांजी?" म्हणजे "तुम्ही कसे आहात?" आणि त्यावर उत्तर, "न्दिली ब्विनो, काया इनु?" म्हणजे "मी बरी आहे, तुम्ही?" हे झाल्याशिवाय इथे कुठलंच बोलणं पुढे सरकत नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईला घेऊन आलेला नवरासुद्धा आधी माझी विचारपूस करतो. सुरुवातीला माझा जीव वरखाली व्हायचा. हळूहळू कळलं की ते चार शब्द बोलताना तो श्वास घेतो आणि मीही घेते, आणि त्यानंतर तो सांगतो ते नीट सांगतो.

मराठी माणसाला ही भाषा एका बाबतीत फुकट मिळते. चिचेवात मान द्यायचा तो अनेकवचनाने. लहान मुलाला 'उली ब्वांजी', मोठ्या माणसाला 'मुली ब्वांजी'. 'इवे' म्हणजे तू आणि 'इनु' म्हणजे तुम्ही. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आबुसा म्हणतात, आणि ते एकटेच आले तरी क्रियापद अनेकवचनी, अगदी आपल्या 'पाळकसाहेब आले'सारखं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या इतर परदेशी मंडळींना हे पाठ करावं लागलं. मला ते जन्मापासून येत होतं. भाषा शिकवणारे गुरुजी माझं कौतुक करायचे आणि मलाही वाटायचं की देवाने मला इथे पाठवण्याआधी एवढी तयारी करून ठेवली होती.

आणि नेमकी तिथेच मी चुकले.

रुग्णालयात रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मापेम्फेरो असतं, म्हणजे उपासना. डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्यांपर्यंत सगळे एका खोलीत उभे राहतात. वाद्य नसतं. कुणीतरी एक ओळ उचलतं आणि पुढच्या क्षणी चार सुरांत अख्खी खोली गायला लागते. पाचव्या महिन्यात एका सकाळी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी रात्री बसून वाक्यं जुळवली होती. डोळे मिटले आणि म्हणाले, "आम्बुये, इवे उली पानो." प्रभू, तू इथे आहेस. पुढची चार वाक्यंही मी त्याच रूपात पुरी केली. 'आमेन' नेहमीपेक्षा उशिरा आणि हळू आलं.

कुणी काही बोललं नाही. इथे चारचौघांत चूक दाखवत नाहीत. दुपारी आमच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या वयस्कर बाई, ज्यांना सगळे आगोगो म्हणजे आजी म्हणतात, माझ्या दारात आल्या. "ओदी!" अशी हाक मारली. इथे दार ठोठावत नाहीत, तोंडाने विचारतात. मी "ओदिनी" म्हणाले, त्या आत येऊन चटईवर बसल्या, माझी, माझ्या घरच्यांची, रात्रपाळीची विचारपूस झाली. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "म्वाना वांगा," माझ्या लेकरा, "इवे आपण मुलाला म्हणतो. कुत्र्याला म्हणतो. आम्बुयेंना इनु."

मी सांगायचा प्रयत्न केला की माझ्या भाषेत देवाला तूच म्हणतात. वडिलांना, शिक्षकांना तुम्ही म्हणतात, पण देवाला तू. आणि आईला तू.

"आईला इवे?" त्यांचे डोळे मोठे झाले. "आणि ती रागावत नाही?"

त्या दिवसापासून मी चिचेवात 'इनु' म्हणायला लागले. जिभेला जमलं, मनाला जमेना. माझं देवाशी जे काही नातं आहे ते 'तू'वर उभं आहे. लहानपणी आजारी असताना, परीक्षेच्या वेळी, भांडून रुसून बसले असताना मी त्याला तू म्हटलं आहे. 'तुम्ही' म्हटलं की वाटायचं, कचेरीत अर्ज घेऊन उभी आहे. मग मी वाटणी करून टाकली. वॉर्डात आणि मंडळीत चिचेवा, स्वतःच्या खोलीत मराठी.

पण खोलीतल्या मराठी प्रार्थनेचंही काहीतरी बिनसलं होतं. चिचेवात मला एकेक शब्द शोधून आणावा लागत होता. जो शब्द म्हणायचा त्याचा अर्थ आधी मनात आणल्याशिवाय तो तोंडात येतच नव्हता. त्याच्यापुढे माझी मराठी प्रार्थना मला पहिल्यांदाच ऐकू आली. 'हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या नव्या दिवसासाठी आम्ही तुझे मनापासून आभार मानतो' हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि ते म्हणताना माझं चित्त भिजवलेल्या कपड्यांत असायचं. ओठांना वाट पाठ होती. हे लक्षात आलं त्या रात्री मी खरंच रडले. इतक्या लांब येऊन माझ्याजवळ दोन प्रार्थना होत्या, एक अनोळखी आणि एक पाठ झालेली.

कामाचं ओझं त्या काळात वाढतच होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, ४४ टक्क्यांनी अवमूल्यन झालं. साखर, तेल, साबण, सगळ्याचे भाव चढले. माझा निर्वाहनिधी बाहेरच्या चलनात येतो. म्हणजे त्याच आठवड्यात माझ्या हातात जास्त क्वाचा आले आणि माझ्याइतकंच, माझ्याहून जास्त काम करणाऱ्या माझ्या सहकारी बहिणींचा पगार घरी पोचेपर्यंत आटला. मी काहीही केलं नव्हतं आणि तरी मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. सेवेला आलेल्या माणसाने हे झाकून ठेवू नये असं मला वाटतं, म्हणून लिहिते आहे. आमच्या आबुसांशी बोलून मी वाढीव रक्कम नातेवाइकांच्या निवाऱ्यातल्या सरपणासाठी द्यायला सुरुवात केली. इथे रुग्णाबरोबर घरचं कुणीतरी राहतं, बाहेरच्या चुलीवर न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा रांधतं आणि रुग्णाला भरवतं. माझ्या मनाचं समाधान त्याने झालं का? नाही झालं. सरपण मात्र आलं.

पुढच्या वर्षी पाऊसच फिरकला नाही. मका उभ्या शेतात वाळला आणि २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. वॉर्डात त्याचा अर्थ मला दुधाच्या कपात दिसायचा. आई अर्धा तास पिळत बसायची आणि कपाचा तळ जेमतेम झाकला जायचा. मग एखादी दुसरी बाई, जिला दूध भरपूर आहे, ती पुढे होऊन न्सिमाचा अर्धा गोळा तिच्या ताटलीत ठेवायची. दोन्ही हातांनी द्यायची, आणि घेणारीही दोन्ही हातांनी घ्यायची. घरी पाठवायच्या प्रार्थनापत्रात मी हे लिहिलं, फोटो नाही पाठवला. त्याबद्दल मला विचारणा होते. बाळं दिसली की लोक जास्त प्रार्थना करतात, हे खरंही असेल. पण त्या बायकांनी मला दूध काढताना जवळ बसू दिलं आहे, फोन काढू दिलेला नाही.

सुट्टीत मी मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरला जाऊन आले. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी १८७५ साली लिव्हिंगस्टोनिया मिशन पहिल्यांदा तिथे सुरू केलं. मलेरियाने एकेक माणूस जात राहिला, शेवटी १८८१ मध्ये त्यांनी मुक्काम उत्तरेला बंडावेला हलवला. मागे राहिल्या त्या थडग्यांपाशी मी बराच वेळ बसले. रॉबर्ट लॉज हे त्यांच्यातले सर्वांना ठाऊक असलेले डॉक्टर, त्यांनी या देशात ५२ वर्षं काढली. मला मात्र त्या दिवशी आठवत होते विल्यम कोयी. ते गोरे नव्हते. दक्षिण आफ्रिकेतले, खोसा बोलणारे, लवडेलच्या मिशन संस्थेत शिकलेले. १८७६ मध्ये ते इथे आले. उत्तरेकडच्या न्गोनी लोकांची भाषा खोसाच्या नात्यातली, त्यामुळे ज्या लोकांशी इतर मिशनऱ्यांना दुभाष्याशिवाय बोलता येत नव्हतं, त्यांच्याशी कोयी सरळ बोलायचे. १८८६ मध्ये ते इथेच वारले. दहा वर्षं. परक्या देशात आपल्या भाषेची बहीण भेटल्यावर त्यांना काय वाटलं असेल, ते आपली खासगी प्रार्थना कुठल्या भाषेत करत असतील, हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. इथले लोक मला आझुंगु, म्हणजे गोरे, म्हणत नाहीत. भारतीयांसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आम्वेन्ये. तो ऐकला की लोकांना आधी दुकानदार आठवतो. नर्स आणि ख्रिस्ती आम्वेन्ये म्हणून माझी जागा मला रोज नव्याने समजावून सांगावी लागते. कोयींनाही लागली असेल.

मग जून आला. देड्झा उंचावर आहे, जून-जुलैच्या रात्री इथे बोचरी थंडी पडते. एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जुळं झालं, दिवस भरायच्या खूप आधी. एक बाळ बाराशे ग्रॅमचं, दुसरं नऊशे ऐंशी. मोठं बाळ तिच्या छातीवर बांधलं, धाकटं तिच्या आईच्या छातीवर. आजीच्या अंगाचीही ऊब चालते. दुसऱ्या रात्री वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काळोखात मी टॉर्च तोंडात धरून धाकट्याचा श्वास मोजत होते, थांबला की तळपाय चोळत होते. वॉर्डात कुणी हलत नव्हतं. तेवढ्यात काळोखातून त्या मुलीचा आवाज आला.

"आमायी, मुली पानो?"

आई, तुम्ही इथे आहात?

"न्दिली पानो," तिची आई म्हणाली. मी इथे आहे. दोन हात अंतरावरून.

थोड्या वेळाने परत. "आमायी, मुली पानो?" "न्दिली पानो." दिवे येईपर्यंत तिने किती वेळा विचारलं, मी मोजलं नाही. माझं मोजणं त्या बाळाच्या छातीवर चाललं होतं. पण ऐकत होते. त्या आवाजात अर्ज नव्हता, कचेरी नव्हती. घाबरलेलं लेकरू अंधारात आईला चाचपडत होतं आणि तिला 'तुम्ही' म्हणत होतं, कारण तिच्या भाषेत आईला असंच हाकारतात.

बाळ पहाटे चारनंतर गेलं. मी मशीनचं बटण बंद केलं, नळी काढली, तोंड पुसलं. आजीने त्याला छातीवरून सोडवलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मुतिपेम्फेरेरे." आमच्यासाठी प्रार्थना करा.

तयार केलेलं वाक्य माझ्याजवळ एकही नव्हतं. शोक, सांत्वन, आशा यांपैकी कशाला चिचेवात काय म्हणतात ते त्या क्षणी आठवलं नाही, मराठीतही आठवलं नसतं. रात्रभर कानात होतं तेवढंच तोंडातून आलं. "आम्बुये, मुली पानो." प्रभू, तुम्ही इथे आहात. मग पुन्हा तेच. नंतर "तिथांदिझेनी", आम्हाला मदत करा. त्यापुढे माझ्याने बोलवेना.

आजीने तेच शब्द उचलले. मग पलीकडच्या खाटेवरची, मग भिंतीजवळच्या दोघी. मुली पानो. मुली पानो. सकाळच्या मापेम्फेरोला एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे तिला धरतात, तसंच. फक्त सूर नव्हता. वॉर्डाच्या दारात आगोगो केरसुणी हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांचेही ओठ हलत होते. उजाडल्यावर त्या, आजी आणि आणखी दोन बायका बाळाला नव्या चितेंजेत गुंडाळून घेऊन गेल्या. ती मुलगी मोठ्या बाळाला छातीशी धरून बसून राहिली. सहा वाजले होते, त्याच्या दुधाची वेळ झाली होती. तिने कप पुढे केला.

ते मोठं बाळ सात आठवड्यांनी घरी गेलं. जाताना त्याचं वजन एकोणीसशे वीस ग्रॅम होतं.

रविवारी तीन तासांची उपासना, गाणी, अर्पण झालं की मी टेकडीवर जाते, तिथे फोनला रेंज मिळते. आईशी बोलणं नेहमी प्रार्थनेने संपतं, एक रविवार ती करते, एक रविवार मी. गेल्या आठवड्यात माझी पाळी होती. मराठीत सुरुवात केली आणि माझ्याही नकळत म्हणून गेले, "प्रभू, तुम्ही इथे आहात."

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"तुम्ही?" आई म्हणाली. "देवाला तुम्ही काय म्हणतेस गं? असं परक्यासारखं?"

मग मी तिला त्या रात्रीचं सगळं सांगितलं. काळोख, ती मुलगी, दोन हातांवर बसलेली तिची आई, आणि ती हाक. तोपर्यंत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आई मध्ये एकदाही बोलली नाही. मी थांबल्यावर तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली. "आता कर पुढे प्रार्थना. बाबांची शुगर परत वाढलीये, तेही सांग त्यांना."